कमरेची सुपारी

आलमबाग, लखनौ
श्रावण वद्य पंचमी (ऑगस्ट १९८३)

श्री. दीनानाथराव यांस,

जगदीशचा सादर नमस्कार. आपल्या गुडघ्याला आता उतार असेल, सौ. वहिनींचा खोकला गेला असेल आणि चि. हेमाचे बाळ मुठी चोखायचे सोडून पालथे पडायला लागले असेल, असे धरून चालतो. इकडे आम्ही दोघे, म्हणजे मी आणि चि. कांचन, देवाच्या दयेने सुखरूप आहोत. माझे वजन थोडे उतरले आहे. ते सायकलमुळे उतरले की माझ्या हातच्या स्वयंपाकामुळे, यावर मात्र घरात एकमत नाही.

आपल्याला ‘राव’ लावून लिहिताना इतक्या वर्षांनंतरही माझा हात किंचित अडखळतो. गावच्या शाळेत एकाच फळीवर बसून आपण एकमेकांना जी नावे ठेवली ती सगळी मला पाठ आहेत. पण लग्नाच्या दिवशी आपल्या वडिलांनी मला बाजूला घेऊन ‘आजपासून तो दीनानाथराव’ असे बजावले, ते मी आजवर पाळत आलो आहे. हे पत्रही त्याच रीतीने, मेहुण्याने मेहुण्याला लिहावे तसे, कसलीही मागणी न करता लिहीत आहे. सौ. पद्मिनी चैत्रात हेमाच्या बाळंतपणासाठी आपल्याकडे साताऱ्याला आली. चारबाग स्टेशनवर गाडी हलता हलता ती खिडकीतून ‘श्रावणात येते’ असे म्हणाली. आज श्रावण वद्य पंचमी. मी काही विचारत नाही. तिथी लिहिली ती केवळ पत्रावर तिथी घालायची सवय आहे म्हणून.

आपण मागे एकदा लिहिले होते की पन्नाशीही न गाठता रेल्वेची नोकरी सोडून देणारा माणूस दिवसभर करतो तरी काय, हे सातारकरांना कळत नाही. ते लखनौकरांनाही कळत नाही. मी माझ्यापुरते सांगतो. नोकरीभर मी रेल्वेच्या डब्यांच्या चाकांचे आणि स्प्रिंगांचे नकाशे काढले. एके दिवशी पेन्सिलीला टोक करताना मनात आले की एवढी चाके आपण कागदावर काढली, पण त्यातले एकही आपल्या हाताने कधी फिरवले नाही. (असा विचार इतरांच्या मनात आला असता तर त्यांनी पेन्सिलीला टोक करून काम पुढे चालू ठेवले असते, असे सौ.चे मत पडले.) तेव्हापासून सकाळी स्नान, देवपूजा, एक माळ जप, आणि मग जुनी बावीस इंची सायकल गच्चीवर उलटी करून तिचे चाक फिरवणे, असा माझा क्रम आहे. चाक नीट बसले असेल तर ते फिरता फिरता आवाज करत नाही आणि थांबताना घाई करत नाही. माणसानेही निवृत्तीत याहून जास्त काय साधावे, असे मला वाटते. पण हे मी घरात बोलून दाखवत नाही.

बिघाड झाला तो चाक आणि चूल यांच्यामध्ये सीमारेषा न आखल्यामुळे. फाल्गुनात मी मागचे चाक खोलले होते. त्याच्या आसातले छर्रे, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्या, रॉकेलने धुऊन, पुसून एका वाटीत ठेवले आणि ती वाटी सांडू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिरीच्या डब्याशेजारी ठेवली. वापरून वापरून ते छर्रे काळे पडले होते. त्या रविवारी सौ.ने येथील एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पत्नी सुचित्रावहिनी यांना जेवायला बोलावले होते आणि मसालेभात केला होता. पुढचे आपण समजलाच असाल. मी तटस्थपणे एवढेच म्हणेन की वाटी तिची होती, छर्रे माझे होते आणि फळी दोघांची होती. सुचित्रावहिनी फार सुसंस्कृत. त्यांनी घासातली वस्तू हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवली, तिचा टण् असा आवाज झाला, आणि त्या म्हणाल्या, “मिरी जरा जून निघाली का हो?”

सौ. हसली नाही. रागावलीही नाही. तिने ताटाच्या कडेची ती मिरी उचलून धुतली आणि माझ्या हातात आणून दिली. आठवड्यातच आपले हेमाविषयीचे पत्र आले आणि तिने ट्रंक काढली. बाळंतपणाला जाणे हे कर्तव्यच होते, त्यात दुसरा अर्थ शोधण्याचे मला कारण नाही. मात्र त्यानंतर मी छऱ्यांसाठी स्वतंत्र डबी केली असून तिच्यावर ‘छर्रे – खाऊ नयेत’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. हे तिच्या कानावर गेले असल्यास उत्तम, नसल्यास आग्रह नाही.

ती गेल्यावर स्वयंपाकघर माझ्याकडे आले. नकाशे काढणाऱ्या माणसाला स्वयंपाक अवघड वाटू नये अशी माझी समजूत होती. पण नकाशात लिहिलेले माप पाळले की वस्तू जमते. आमटीत तसे नाही. आमटीत ‘अंदाजे’ असे एक माप असते आणि ते घेऊन सौ. साताऱ्याला गेली आहे. पिठले जमते. भात कधी जमतो, कधी जमीनदोस्त होतो. पोळ्यांच्या बाबतीत कांचन म्हणते, “बाबा, आप रहने दीजिए.” (ती विद्यापीठात शिकते. मराठी तिला सगळी समजते. उत्तर हिंदीत येते. वाईट बातमी हिंदीतून आली की थोडी अदबशीर वाटते, एवढा त्याचा उपयोग.) एकदा तिने माझी पोळी उजेडासमोर धरून “यह कौन-सा स्टेशन है?” असे विचारले. मला ते काही वेळाने समजले. पोळीचा आकार नकाशातल्यासारखा झाला होता.

पेयांमध्ये मात्र मी बरी प्रगती केली. उन्हाळ्यात कैरीचे पन्हे केले, आपण पाठवलेल्या आमसुलांचे सार केले आणि ताक तर रोजच. चहा तेवढा मी घरी न पिता चारबागला जाऊन पितो. सायकलचा तेवढाच सराव होतो आणि तिथल्या चहात आले चांगले असते. कांचनला हे पटत नाही. “चाय तो नीचे गली में भी मिलती है,” असे तिने एकदा म्हटले. मी आल्याचा मुद्दा मांडला. त्यावर ती म्हणाली, “हाँ, अदरक भी है और उसी टाइम मुंबई वाली गाड़ी भी.” मुलीला इतके शिकवू नये असे माझे मत नाही, पण वेळापत्रक तरी शिकवू नये.

तर आषाढात माझ्या मनाने घेतले की श्रावणी पौर्णिमेला सत्यनारायण करावा. कारण विशेष काही नव्हते. सौ. असती तर केलाच असता, आणि ती नाही म्हणून देवाने का थांबावे, एवढाच विचार. राखीपौर्णिमा ती भावाकडेच करणार हे मी गृहीत धरले होते. पूजेला येणाऱ्यांसाठी भरपूर मठ्ठा करायचा, तर हाताने रवी किती वेळ फिरवणार? म्हणून मी चाक आणि चूल यांची पुन्हा एकदा गाठ घालून दिली. चिनहटला चिनी मातीची भांडी चांगली मिळतात. तिथून एक कंबरेएवढी उंच बरणी सायकलच्या कॅरिअरवर बांधून, धक्क्याने फुटू नये म्हणून तिला चादर गुंडाळून, फैजाबाद रोडने हळूहळू घेऊन आलो. गच्चीवरच्या पत्र्याखाली सायकल दोन्ही बाजूंच्या स्टँडवर उभी केली, मागच्या चाकाचा टायर काढला, रिमच्या खोबणीतून दोरी घेतली, तिला पीळ देऊन ती बरणीतल्या रवीला गुंडाळली. बरणी हलू नये म्हणून तिच्याभोवती सायकलच्या जुन्या रबरी ट्यूबांचे वेटोळे घातले. पाणी घालून चाचणी घेतली. घरघर असा गंभीर आवाज आला आणि पाणी गोल फिरू लागले. मला समाधान वाटले. कांचन म्हणाली, “आई को मत बताना.”

आता आमचे घरमालक शुक्लाजी यांच्याविषयी सांगायला हवे. हरिहर शुक्ल हे खाली राहतात. फार सज्जन, पूजापाठ करणारे, आणि आबकारी खात्यात, म्हणजे दारूवर नजर ठेवणाऱ्या खात्यात, बडे बाबू आहेत. त्यांना एकच नाद, पानाचा. अडकित्ता सदैव कुडत्याच्या खिशात. सुपारीला येथील जुने लोक ‘डली’ म्हणतात. शुक्लाजी ती अशी हळुवार कातरतात की पाहणाऱ्यालाही तोंडाला पाणी सुटावे. त्यांना मी जिन्यात गाठले आणि माझ्या हिंदीत आमंत्रण दिले की पौर्णिमेला आमच्याकडे कथा आहे, सव्वा किलोचा शीरा करणार आहे, आणि पिण्याची व्यवस्था वर गच्चीत, मशीनवर आहे.

शुक्लाजींचा चेहरा उतरला. त्यांनी कठडा धरला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “सवा किलो से तो कुछ निकलेगा भी नहीं, पाटनकर साहब.”

मला वाटले, शिरा माणसांना पुरणार नाही अशी त्यांना काळजी. मी धीर दिला की कमी पडला तर आणखी करू, अख्ख्या मोहल्ल्याला देऊ, देवाचे आहे, कोणाला नाही म्हणायचे नाही. शुक्लाजींनी हात जोडले. “छत हमारी है,” एवढेच म्हणून ते घरात गेले. मी म्हटले, केवढा हा विनय. गच्ची त्यांची असून वापरायला दिली आणि वर हातही जोडले.

दीनानाथराव, मला नंतर जे कळले ते आपणांस आधीच सांगून टाकतो. आपला शिरा म्हणजे रव्याचा, साजूक तुपातला, केळे घातलेला. यांचा शीरा म्हणजे साखर कारखान्यात उरते ती मळी, जिच्यापासून दारू गाळतात आणि जिच्या थेंबाथेंबाचा हिशेब शुक्लाजींच्या खात्याला ठेवावा लागतो. इकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला शिरा नसतो, पंजीरी, म्हणजे तुपात भाजलेल्या कणकेची कोरडी साखरपूड, करतात. आणि बिचाऱ्या शुक्लाजींनी काय पाहिले होते? चादरीत गुंडाळून तिन्हीसांजेला जिन्याने वर जाणारी बरणी, रबरी नळ्यांचे वेटोळे, आणि कित्येक दिवस डोक्यावर चालणारी घरघर. आबकारी बडे बाबूंच्या स्वतःच्या गच्चीवर, देवाच्या नावाने भट्टी. ते दोन दिवस जेवले नाहीत असे शुक्लाइनने, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, मला मागाहून सांगितले. मी चुकून का होईना एका सज्जन माणसाची उपासमार केली. देवाने तिचे उट्टे कसे काढले ते आता लिहितो.

पौर्णिमेला पंढरीनाथ गुरुजी आले. (दिवसा ते एका सरकारी कचेरीत असतात, पौर्णिमेला आमचे असतात.) त्यांनी गच्चीवर उघडणाऱ्या खोलीत, दारालगतच चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले आणि मग माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघितले. मी म्हटले, सौ. माहेरी आहे. ते म्हणाले, हरकत नाही, शास्त्राला सगळे सुचलेले असते. आणि त्यांनी पिशवीतून एक मोठी टणक सुपारी काढून मला दिली व पत्नीच्या जागी ती कमरेला खोचायला सांगितली. ही रीत आपणांस ठाऊक आहेच. मला वाचून ठाऊक होती, करून नव्हती. पीतांबराच्या निऱ्यांपाशी सुपारी खोचली तेव्हा ती थंड लागली आणि जरा टोचली. मी मनात म्हटले, आता पूजा यथासांग होईल.

शुक्लाजी सगळ्यांच्या आधी आले. देवाला नमस्कार करण्यापूर्वी ते सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथे मी भाजलेल्या रव्यात दूध ओतून झाकण ठेवले होते. त्यांनी झाकण उचलले, वास घेतला, पुन्हा घेतला. मग गच्चीत जाऊन बरणीत डोकावले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. “यह तो सूजी का हलवा है,” ते म्हणाले, “और उसमें दही है.” मी म्हटले, आणखी काय असणार? ते माझ्या पाटामागे येऊन मांडी घालून बसले आणि पोथी सुरू होताच मान डोलावू लागले. माणूस इतका निश्चिंत झालेला मी फार वर्षांत पाहिला नव्हता. पुढे जे झाले त्याला ही निश्चिंतीच कारण.

कांचनला मी सांगून ठेवले होते की चौथा अध्याय लागला की हळूहळू पॅडल मारायला लागायचे, म्हणजे आरतीपर्यंत मठ्ठा तयार. सारा जन्म चाकांची गणिते केलेल्या माणसाच्या हातून एक हिशेब राहून गेला होता. रिम केवढे, आणि रवीचा दांडा केवढा. पॅडल सावकाश फिरले तरी रवी किती वेगाने फिरेल हे मी पाण्यावर पाहिलेच नव्हते, कारण तेव्हा पॅडल मीच, हाताने, जेमतेम हलवले होते. कांचन सीटवर बसली आणि कॉलेजला उशीर झाल्यावर मारते तसे तिने पॅडल मारले. बरणीने एकदम आवाज बदलला. मग दह्याचा एक उभा फवारा पत्र्यापर्यंत गेला आणि तिथून उघड्या दारातून आत सर्वांवर, गुरुजींवर, पोथीवर, शेजारणींच्या साड्यांवर, अगदी समभावाने उतरला. गुरुजी वाचायचे थांबले नाहीत. फक्त त्यांनी पोथीवरून हात फिरवला आणि पुढची ओळ घेतली. मी उठलो, गच्चीत धावलो आणि चाक हाताने धरून थांबवले. मग माफी मागत, वाट काढत परत पाटावर येऊन बसलो.

बसल्यावर काहीतरी उणे वाटले. काहीच टोचत नव्हते. निऱ्या चाचपल्या. पाट उचलून पाहिला. गुरुजींनी भुवयांनीच काय म्हणून विचारले, मी कमरेकडे बोट दाखवले, आणि नेमका त्याच वेळी माझ्या पाठीमागून कट्, कट्, कट् असा नाजूक आवाज आला. तो आवाज आलमबागेत कोणालाही ओळखता येईल.

मी वळून पाहिले. शुक्लाजींच्या हातात अडकित्ता होता, दोन्ही गालांत समाधान होते. दोन दिवसांच्या घोरानंतर, देवाच्या घरात, पाहुण्याच्या पुढ्यात आपण होऊन घरंगळत आलेली सुपारी यजमानाचे आतिथ्य नव्हे तर काय? मी त्यांना विचारले, इथे एक सुपारी पडली होती का? ते संकोचले. “वह डली? हम समझे हमारे लिए है,” आणि मग तक्रार वाटू नये अशा बेताने, “बड़ी सख़्त थी, पाटनकर साहब. मगर अब ठीक है.”

ती कोण होती हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे, याचा मी विचार करत होतो. इतक्यात केसांतून दही निथळत असलेली कांचन दारात आली. तिने अडकित्त्याकडे पाहिले, माझ्या कमरेकडे पाहिले आणि ती म्हणाली, “अंकल, वो आई थीं.”

दीनानाथराव, कांचनला म्हणायचे होते की ती आमची आई होती. पण वाक्य हिंदी होते आणि शुक्लाजींनी ते हिंदीतच ऐकले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, त्या आल्या होत्या. ते अडकित्त्यासकट उभे राहिले, दाराकडे तोंड करून हात जोडले आणि भरल्या तोंडाने विचारले, “भाभीजी? कब आईं?”

आणि खरे सांगायचे तर मीही दाराकडे पाहिले. मला मराठी येते. ती माझी मातृभाषा आहे. तरी मी दाराकडे पाहिले आणि थोडा वेळ पाहत राहिलो. दारात दह्याने भिजलेली कांचन होती, तिच्या मागे जिना होता, जिन्यात कोणी नव्हते. मग कांचनने शुक्लाजींना शास्त्र समजावून सांगितले की पूजेत ही सुपारी म्हणजे पत्नी असते, आणि शेवटी अगदी शांतपणे म्हणाली, “तो अंकल, आप आई को खा गए.”

गुरुजींनी पोथी मिटली. मी विचारले, आता काय करायचे? नवी सुपारी घेऊ? ते म्हणाले, घरंगळली असती तर उचलून परत खोचली असती, हरवली असती तर दुसरी दिली असती. पण दुसऱ्याने खाल्लेल्या सुपारीच्या जागी सुपारी बसत नाही. पूजा पुन्हा करावी लागेल, आणि त्या वेळी शेजारच्या पाटावर प्रत्यक्ष पत्नी हवी. मी विचारले, याला ग्रंथाचा आधार कोणता? त्यांनी उपरण्याने चष्म्यावरचे दही पुसले आणि म्हणाले, “ग्रंथाचा नाही. मी तुमच्या घरी तीनदा जेवलोय अलीकडे, त्याचा आहे.”

शुक्लाजींचे फार वाईट वाटते. परस्त्रीकडे मान वर करून न पाहणारा माणूस, आणि त्याच्या हातून भाडेकरूच्या पत्नीच्या बाबतीत हे घडले. उरलेले तुकडे त्यांनी रुमालात बांधून मला परत द्यायचा प्रयत्न केला; ते मी घेतले नाहीत. शेवटी त्यांनी देवासमोर अडकित्ता ठेवला आणि शपथ घेतली, “भाभीजी जब तक नहीं आतीं, हम डली को हाथ नहीं लगाएँगे.” तेव्हापासून घराची कळा गेली आहे. शुक्लाजी दूधवाल्यावर डाफरतात, कचेरीतून डोके धरून येतात, मोकळा गाल चावत बसतात. शुक्लाइन रोज सकाळी वर येऊन विचारतात की भाभीजींचा काही पता? मी सांगितले, श्रावणात येते म्हणाली आहे. त्या म्हणाल्या, “सावन तो गया, भाईसाहब. पूनम को ख़त्म. अब तो भादों चल रहा है.”

त्यांचे खोटे नाही. येथील महिना पौर्णिमेला संपतो. शुक्लाजींच्या घरी भाद्रपद लागला आहे आणि एक मजला वर माझ्या घरी अजून श्रावण आहे. मी त्यांना समजावले की आमच्याकडे महिना अमावास्येला संपतो, तेव्हा आमचा श्रावण अजून शिल्लक आहे. शुक्लाइन माझ्याकडे पाहून जरा हसल्या. “तो फिर ठीक है,” म्हणाल्या, “आप अपना सावन सँभाल के रखिए.” जाताना त्यांनी झाकलेली तोंडल्याची भाजी ठेवली. अलीकडे त्या ठेवतात.

असो. पत्र लांबले. निवृत्त माणसाजवळ शाई आणि वेळ दोन्ही बरोबरच संपतात असे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायांवर माझे डोके, बाळाच्या डोक्यावर माझा हात, आणि मधल्या सर्वांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे जे लागू असेल ते.

आपला,
जगदीश पाटणकर

ता. क. हे पत्र सौ. पद्मिनीला वाचून दाखवण्याची गरज नाही. दाखवलेच तर बरणीचा मजकूर गाळावा. छऱ्यांच्या डबीवरील चिठ्ठीचा मजकूर मात्र गाळू नये.

आणखी ता. क. पाकीट घेऊन खाली उतरलो तर शुक्लाजी न्हाणीघरापाशी पाठमोरे उभे राहून काहीतरी चघळत होते. मला पाहून त्यांनी ते गिळले. तेव्हा त्यांच्या हालांविषयी वर जे लिहिले आहे ते आज सकाळपर्यंतचेच समजावे. त्यांच्याकरिता म्हणून कोणी घाईने इकडे यावे, असे आता राहिलेले नाही.

शेवटचे. दिन्या, आपला श्रावण अमावास्येपर्यंत आहे. तिला काही विचारू नकोस. विचारलेलं तिला आवडत नाही. फक्त ती कणीक मळायला बसते तिथे, समोरच्या भिंतीवर, कॅलेंडर टांगून ठेव. एवढंच कर. पूजेचं सामान मी अमीनाबादहून पुन्हा आणलंय. गूळ, खोबरं, बदाम, हळकुंडं, चौरंगावर मांडायच्या सुपाऱ्या, सगळं मोजून आणलंय. कमरेची सुपारी तेवढी आणलेली नाही.